एचडी ८०० एस आणि जुना एचडी ६५०: पहिल्या पाच आठवड्यांत वारंवार विचारले गेलेले प्रश्न

सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन मी तेरा वर्षे जवळजवळ रोज वापरत आलो आहे. पाच आठवड्यांपूर्वी त्याच कंपनीचा एचडी ८०० एस घेतला आणि तेव्हापासून ओळखीचे व अनोळखी श्रोते मला तेच ते प्रश्न विचारत आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझे ऐकणे मुख्यतः हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि थोडे पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे संगीत एवढेच आहे, त्यामुळे मते वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी.

१. हे दोन हेडफोन नेमके कोणते? एकाच कंपनीचे असूनही ते इतके वेगळे कसे?

फ्रिट्झ सेनहायझर यांनी ही कंपनी १९४५ साली जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या वेनेबोस्टेल येथे सुरू केली. १९६८ साली तिने एचडी ४१४ हा मागून उघडा असलेला हेडफोन बाजारात आणला आणि उघडी बांधणी ही पुढे तिची ओळखच झाली. एचडी ६०० हा १९९७ सालचा आणि त्याच सांगाड्यावर बेतलेला एचडी ६५० हा २००३ सालचा. एचडी ८०० हा २००९ साली आला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे एचडी ८०० एस २०१६ साली. ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा व्यवसाय २०२२ साली स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, मात्र नाव तेच राहिले.

खरा फरक बांधणीत आहे. ६५० मधला ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करणारा भाग, नेहमीच्या घाटाचा असून तो कानाच्या अगदी जवळ, कानाला जवळपास समांतर बसतो. ८०० एसमध्ये ५६ मिलिमीटर व्यासाचा कंकणाकृती ड्रायव्हर आहे आणि तो कानापासून दूर, थोडा पुढच्या बाजूला व तिरका बसवलेला आहे. त्याचा कप इतका प्रशस्त आहे की कानाची पाळी कुठेही टेकत नाही. समोर बसलेल्या गायकाचा आवाज जसा पाळीच्या वळणांवरून फिरून कानात शिरतो, काहीसा तसाच या हेडफोनचा ध्वनी शिरतो, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. ‘ओपन-बॅक’ म्हणजे काय? आपल्या घरांमध्ये असे हेडफोन चालतात का?

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाची मागची बाजू जाळीची असते. ध्वनी कानाकडे जातो तसाच बाहेरही पडतो, आणि बाहेरचे आवाज अडथळ्याविना आत येतात. दोन्ही हेडफोन याच प्रकारचे आहेत, त्यामुळे लोकलमध्ये, बसमध्ये किंवा शेजारी कुणी झोपलेले असताना त्यांचा उपयोग नाही.

घरातला खरा अडथळा छताचा पंखा हा आहे. उन्हाळ्यात पंखा बंद करून ऐकणे शक्य नसते, आणि पंख्याची घरघर नेमकी तंबोऱ्याच्या खर्जाच्या आसपास येऊन बसते. ६५० वर मला याचा फारसा त्रास जाणवत नव्हता. ८०० एसवर मात्र ध्वनिमुद्रणातली शांतताही ऐकू येत असल्याने पंखा लगेच लक्षात येतो. मी रात्री साडेदहानंतर, पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवून ऐकतो. दुपारी, स्वयंपाकघरात कुकर लागलेला असताना, दोन्हींमधल्या फरकाचा निम्मा भाग वाया जातो हे घेण्याआधी समजून घ्यावे.

३. पहिल्या दहा मिनिटांत काय जाणवले?

सुरुवात मी एका ख्यालाच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाने केली. ते मला जवळजवळ पाठ आहे. गायक कुठे खाकरतात आणि तबलजी कुठे हातोडीने कडेची वेणी, म्हणजे गजरा, ठोकून तबला स्वरात आणतात हेही ठाऊक आहे. गायन सुरू होण्याआधी पंचवीस-तीस सेकंद फक्त दोन तंबोरे वाजतात. ६५० वर हे दोन तंबोरे मी तेरा वर्षे एकच अखंड आस म्हणून ऐकत आलो होतो. ८०० एसवर पहिल्याच आवर्तनाला ते दोन झाले: एक गायकाच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या बाजूला, किंचित मागे. उजव्या तंबोऱ्याची जोडाची एक तार केसभर उतरलेली आहे हेही तेव्हाच कळले. पुढे विसाव्या मिनिटाला गायक थांबून ती तार लावून घ्यायला सांगतात. ते वाक्य मी कित्येकदा ऐकले होते, पण त्यामागचे कारण माझ्या कानाला पहिल्यांदा ऐकू आले.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी जुनी ध्वनिमुद्रणे अधाशासारखी ऐकत सुटलो. सभागृहाची खोली, पहिल्या रांगेतली दाद आणि मागच्या रांगेतली दाद यांतले अंतर, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास, हे सारे डोक्याच्या बाहेर, आपापल्या जागी उभे राहते. ६५० मध्ये गायक दोन कानांच्या मधोमध असतो. ८०० एसमध्ये तो कपाळाच्या पुढे हातभर अंतरावर जातो.

चौथ्या दिवशी मला थकवा जाणवला. तारसप्तकातला ‘सा’ लागला की कानाला एक बारीक टोक बोचत होते. त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय प्रश्न १२ मध्ये आहे.

४. मग ६५० वर ‘पडदा’ असतो असे म्हणतात, ते खरे का?

हेडफोन ऐकणाऱ्यांमध्ये ही समजूत फार जुनी आहे: ६५० चा आवाज जणू झिरझिरीत पडद्यामागून येतो. ८०० एसवर दोन तास ऐकून लगेच ६५० डोक्यावर चढवला तर हा पडदा मलाही ऐकू येतो. मात्र रात्रभर काहीही न ऐकता सकाळी थेट ६५० लावला, तर पडदा कुठेच नसतो आणि गाणे पूर्ण वाटते.

कारण साधे आहे. ६५० मध्ये वरच्या वारंवारता, म्हणजे साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढचा भाग, ८०० एसच्या तुलनेत खाली आहे. कान जे शेवटचे ऐकतो त्यालाच समपातळी मानतो, आणि उजळ आवाजानंतर कोणताही सौम्य आवाज त्याला मळकट वाटतो. म्हणून नवा हेडफोन लावल्यावर पहिल्या तासात जे वाटते त्यापेक्षा, नव्याची आठवडाभर सवय झाल्यावर जुन्याकडे परतताना जे वाटते ते मी अधिक विश्वासार्ह मानतो. मी असे चार वेळा केले. पहिल्या दोन वेळा ६५० फिका वाटला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी पहिली पाच मिनिटे फिका वाटला, आणि नंतर मी हेडफोन विसरून बंदिश ऐकू लागलो.

५. तुलना कशी केली? दोन्हींचा आवाज सारखा केला होता का?

केला होता, आणि त्याविना केलेली कोणतीही तुलना मी ग्राह्य धरत नाही. एक-दीड डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, तो ‘अधिक स्पष्ट’ किंवा ‘अधिक जिवंत’ वाटतो, आणि दुकानात घडणाऱ्या निम्म्या फसगती येथे होतात.

कागदावर १ व्होल्टला ६५० सुमारे १०३ डेसिबल आणि ८०० एस सुमारे १०२ डेसिबल देतो, म्हणजे दोघांत फारसे अंतर नाही. परंतु हे आकडे १००० हर्ट्झचे आहेत, पूर्ण संगीताचे नाहीत. म्हणून मी जाड पुठ्ठ्याची एक ताटली कापली, तिच्या मधोमध भोक पाडून त्यात मोजणीचा छोटा मायक्रोफोन घट्ट बसवला, आणि पुठ्ठ्यावर एकेक कप टेकवून ‘पिंक नॉइज’, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सर्व वारंवारता असलेला चाचणीचा सरसर आवाज, वाजवला. दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणून त्या जागा ॲम्प्लिफायरच्या गोल बटणाशेजारी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या. ॲम्प्लिफायर तोच, फाइल तीच, खोली तीच. डोळे बांधून तुलना करता आली नाही, कारण डोक्यावर ठेवताक्षणी वजनावरूनच कोणता हेडफोन आहे हे कळते.

६. शास्त्रीय गायनासाठी दोन्हींपैकी कोणता चांगला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर देण्याआधी मला तंबोऱ्याकडे पुन्हा वळावे लागेल. माझ्या घरी मिरजेत बनलेला एक तंबोरा आहे. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी नीट उघडली की त्या तारेतून मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांशांचीच गर्दी अधिक ऐकू येते. गंधार न छेडता गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. हे वरचे स्वरांश ज्या पट्ट्यात दाटीने असतात, तेथेच या दोन हेडफोनचे सर्वाधिक मतभेद आहेत. म्हणून हेडफोन पारखायला मला तंबोऱ्यासारखे दुसरे साधन माहीत नाही.

मी माझाच तंबोरा ध्वनिमुद्रित केला: मायक्रोफोन आधी तारांपासून वीतभर अंतरावर ठेवला, मग दीड मीटरवर. नंतर तंबोरा मांडीवर घेऊन छेडायचा, थांबायचे, आणि मुद्रण दोन्ही हेडफोनवर ऐकायचे, असे एका रविवारी दुपारभर केले. जवळून केलेल्या मुद्रणात ८०० एसने बोटाच्या पेराचा तारेला होणारा बारीक स्पर्श, त्यामागून उमलणारी जवारी आणि भोपळ्यातला घुमारा हे तिन्ही सुटे दाखवले. ते खरे होते. मायक्रोफोनने तेच टिपले होते. पण तंबोरा मांडीवर घेऊन मी जे ऐकतो, त्यात बोटाचा स्पर्श इतका पुढे नसतो. ६५० वरचा तंबोरा माझ्या मांडीवरच्या तंबोऱ्याच्या अधिक जवळचा होता. दीड मीटरवरून केलेल्या मुद्रणात मात्र पारडे फिरले: तेथे ६५० ने तंबोरा आणि खोली यांचा एकजीव गोळा केला, तर ८०० एसने खोलीच्या मध्यावर एक तंबोरा ठेवला.

गायनातही मला हेच आढळले. स्टुडिओत, मायक्रोफोनच्या जवळ बसून गायलेले गाणे ६५० वर ऐकावे. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा खडा, टोकदार लगाव ६५० वर छातीतून आल्यासारखा वाटतो. ८०० एसवर त्याच आवाजाची धार वाढते आणि वजन घटते. मैफलीची, सभागृहातली मुद्रणे ८०० एसवर ऐकावीत. किशोरी आमोणकर यांच्या मैफलींतली संथ आलापी, स्वरमंडळाच्या तारा मधूनच हलक्या झंकारून पुन्हा शांत होणे, आणि स्वर सोडल्यानंतर सभागृहात त्याचे विरत जाणे, हे मला ६५० वर इतके कधीच मिळाले नव्हते.

एकच घ्यायचा असेल आणि तुम्ही प्रामुख्याने गळ्यासाठी ऐकत असाल, तर मी आजही ६५० च सुचवीन.

७. बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या ८०० एसवर कशा वाटतात?

वाईट वाटतात, आणि त्यात त्या तबकड्यांचा दोष नाही. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारी मुद्रणपद्धत येईपर्यंत गायक भोंग्यासमोर गात असत, आणि त्या मुद्रणांत चार-पाच हजार हर्ट्झच्या पलीकडे संगीताचा अंश जवळपास नसतो. त्याच्या वर जे असते ती फक्त तबकडीची खरखर. ८०० एसला त्या वरच्या भागाची विशेष आवड असल्याने तो खरखरीला व्यासपीठावर बसवतो आणि गायकाला मागे ढकलतो.

६५० वर खरखर मागे सरते. तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत बसवलेले पद, त्यातली ताना-मुरक्यांची घाई आणि ऑर्गनची साथ हे सारे समोर येते. ज्यांचा संग्रह मुख्यतः तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यसंगीताचा आहे त्यांनी ८०० एसवर पैसे घालू नयेत, असे मी अगदी स्पष्टपणे सांगतो.

८. डग्गा, ढोल, पखवाज यांचे काय? बास कमी आहे का?

उघड्या हेडफोनमध्ये अतिखालचा बास उतरत जातो, आणि दोन्ही त्याला अपवाद नाहीत. ६५० चा बास साधारण ६० हर्ट्झच्या खाली ओसरू लागतो, पण त्याच्या वर, शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास, थोडा उंचावटा आहे. डग्ग्याची घीस आणि पखवाजाची थाप तेथेच असल्याने ६५० वर डग्गा भरदार वाटतो. ८०० एसचा बास अधिक सपाट आणि सुटा आहे. मनगट दाबत नेताना डग्ग्याचा स्वर कसा चढतो तो मार्ग स्पष्ट दिसतो, पण भरदारपणा कमी आहे. ढोलपथकाचे मुद्रण किंवा आजची चित्रपटगीते छातीत धडधडावीत अशी अपेक्षा असेल, तर दोन्ही हेडफोन निराशा करतील.

९. मोबाईलला थेट लावले तर वाजतील का? वेगळा ॲम्प लागतोच का?

हिशेब मांडून पाहू. दोन्ही हेडफोनचा रोध ३०० ओहम आहे. टाइप-सी डोंगल, म्हणजे मोबाईलला हेडफोन जोडण्याचा छोटा जोड, साधा असेल तर त्यातून साधारण १ व्होल्ट मिळतो. ३०० ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला तर खर्च होणारी शक्ती जेमतेम ३.३ मिलिवॉट असते, आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे तेवढ्यात ६५० चा आवाज १०३ डेसिबलपर्यंत पोहोचतो. म्हणजे शक्ती फार लागत नाही. लागतो तो व्होल्ट.

आता संगीताची बाजू पाहा. ख्यालाच्या मुद्रणात सरासरी पातळी सर्वोच्च टोकापेक्षा सुमारे २० डेसिबल खाली असते असे धरले, तर १ व्होल्टच्या डोंगलवर सरासरी ८३ डेसिबल मिळते, आणि ते घरी ऐकायला भरपूर आहे. पण जुन्या मैफलींची मुद्रणे अनेकदा हलक्या पातळीवर केलेली असतात. टोकच १० डेसिबल खाली असेल तर सरासरी ७३ वर येते. त्यात तुमचा डोंगल अर्ध्या व्होल्टचा असेल तर आणखी ६ डेसिबल जातात, आणि आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही गाणे लांबच राहते. अशा मुद्रणांसाठी २ ते ४ व्होल्ट देणारा साधा टेबलावरचा ॲम्प घ्यावा. त्यापलीकडे महागडा ॲम्प घेतल्याने आवाजाचा पोत बदलतो असा अनुभव मला आलेला नाही. अपवाद एकच, तो पुढच्या प्रश्नात आहे.

१०. ट्यूबच्या ॲम्पवर ६५० ‘खुलतो’ म्हणतात. ८०० एसही खुलतो का?

३०० ओहम हा आकडा सर्व वारंवारतांना सारखा नसतो. ६५० चा रोध शंभर हर्ट्झच्या आसपास वाढून ५०० ओहमच्या घरात जातो, आणि ८०० एसचाही तेथेच चढतो. ॲम्पचा स्वतःचा रोध शून्याजवळ असेल तर याने काही बिघडत नाही. पण काही ट्यूब ॲम्पचा, म्हणजे काचेच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पचा, रोध १२० ओहमपर्यंत असतो, आणि तेव्हा बासच्या त्या भागाला बाकीच्या आवाजाच्या तुलनेत सुमारे १ डेसिबल जास्त मिळते. आकडा लहान असला तरी ही वाढ रुंद पट्ट्यात होत असल्याने कानाला ऊब जाणवते. एका मित्राच्या ट्यूब ॲम्पवर मी दोन्ही हेडफोन ऐकले. ६५० मुळातच उबदार असल्याने तो जरा जड झाला. ८०० एसला मात्र त्या उबेची गरज होती आणि त्यावर गळा अधिक भरीव लागला.

११. बॅलन्स्ड केबल, हाय-रेझ फाइल आणि बर्न-इन यांनी किती फरक पडतो?

तिन्ही प्रश्न बहुधा एकत्रच येतात. बॅलन्स्ड जोडणीने, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीने, अनेक ॲम्पमधून दुप्पट व्होल्ट, म्हणजे ६ डेसिबल अधिक मिळतात. पातळी सारखी करून ऐकल्यावर मला दुसरा कोणताही फरक ऐकू आला नाही. फाइलच्या बाबतीत, एकाच मूळ मुद्रणाची सीडीच्या दर्जाची आणि त्याहून मोठी, म्हणजे हाय-रेझ, फाइल मला वेगळी ओळखता आली नाही. निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या वेळी उतरवलेली एकाच मैफलीची दोन मुद्रणे मात्र सहज ओळखता येतात. तुलना करताना फाइल एकच असावी.

बर्न-इनविषयी, म्हणजे वापरून वापरून हेडफोनचा आवाज सुधारतो या समजुतीविषयी: पाच आठवड्यांत ८०० एस मला सौम्य वाटू लागला आहे हे खरे. पुठ्ठ्याच्या ताटलीवर पहिल्या दिवशी आणि पस्तिसाव्या दिवशी घेतलेल्या मोजण्या एकमेकींवर ठेवल्या, तर त्यांतला फरक हेडफोन उचलून पुन्हा ठेवल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा नाही. बदलला आहे तो माझा कान. इअरपॅड वर्षानुवर्षांत दबतात तेव्हा मात्र आवाज खरोखर बदलतो. त्यासाठी प्रश्न १३ पाहावा.

१२. ८०० एस कानाला बोचतो का? इक्वलायझर वापरला तर चालेल का?

२००९ सालच्या मूळ एचडी ८०० मध्ये ६००० हर्ट्झच्या आसपास एक ठळक शिखर आहे, म्हणजे तेवढाच पट्टा बाकीच्यापेक्षा मोठा वाजतो, आणि त्याविषयी श्रोत्यांनी भरपूर लिहिले आहे. ८०० एसमध्ये ड्रायव्हरच्या मधल्या जागेत एक छोटी पोकळी बसवली असून ती नेमक्या त्याच पट्ट्यातली ऊर्जा शोषून घेते. कंपनीने हे तंत्र आधी आयई ८०० या कानात घालायच्या इअरफोनसाठी वापरले होते. त्यामुळे शिखर बरेच उतरले आहे, पण गेलेले नाही. सतारीची मिजराब, टाळांची किणकिण, आणि स्त्रीस्वरातले ‘स’ व ‘श’ यांच्यावर ते अजून कळते.

इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करण्याची सोय, वापरण्यात काहीही कमीपणा नाही. मी ६००० हर्ट्झजवळ अडीच डेसिबल कमी केले आणि १०० हर्ट्झच्या खालच्या भागाला ३ डेसिबल दिले. ज्या गोष्टीसाठी हा हेडफोन घेतला ती, म्हणजे जागेची जाणीव, तशीच राहिली आणि चौथ्या दिवशीचा थकवा गेला. हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, कारण प्रत्येकाच्या कानाच्या पाळीचा घाट वेगळा असतो आणि शिखराची जागा थोडी सरकते. हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवावा, तो जेथे अचानक टोचतो ती वारंवारता नोंदवावी आणि तेथेच कापावे.

यावरून एक पुढचा प्रश्न निघतो: इक्वलायझरने ६५० चा ८०० एस करता येईल का? मी प्रयत्न केला. आवाजाचा रंग बराच जुळतो, पण तंबोरे पुन्हा डोक्याच्या आत येऊन बसतात. पाळीशी होणारी भेट इक्वलायझरने आणता येत नाही.

१३. चष्मा, वजन, घाम आणि पावसाळी दमट हवा: रोजच्या वापरात कोणता सोयीचा?

केबल वगळता ६५० चे वजन सुमारे २६० ग्रॅम आणि ८०० एसचे सुमारे ३३० ग्रॅम आहे. तरीही डोक्यावर ८०० एसच हलका वाटतो, कारण तो दाबत नाही. ६५० नवा असताना गालफडे चांगलीच आवळतो आणि सैल व्हायला काही महिने जातात. चष्मा असेल तर काडीमुळे पॅड आणि त्वचा यांत फट राहते आणि बास गळतो. हा परिणाम मला ८०० एसवर अधिक जाणवला, म्हणून मी बारीक काडीचा जुना चष्मा ऐकण्यासाठी बाजूला ठेवला आहे.

६५० च्या पॅडचे कापड मखमलीसारखे असून त्यात घाम मुरतो. दोन-अडीच वर्षांनी ते चपटे होतात, कान ड्रायव्हरच्या अधिक जवळ जातो आणि आवाज बंदिस्त होतो. तेरा वर्षांत मी पाच जोड बदलले. पॅड, केबल, डोक्यावरची गादी, ड्रायव्हरसमोरची फोमची चकती, सारे काही स्क्रूड्रायव्हरविना सुटते आणि सुटे मिळते. या एका कारणासाठी मला त्या हेडफोनविषयी आदर आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात दोन्ही हेडफोन झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलाव्यात.

१४. माझे वय साठीच्या पुढे आहे. मला हा फरक ऐकू येईल का?

माझे वय बावन्न आहे आणि साडेबारा हजार हर्ट्झच्या वरचे मला काही ऐकू येत नाही. वय वाढते तसे वरचे ऐकणे कमी होते, हे सर्वांनाच लागू आहे. परंतु दोन्हींमधला मुख्य फरक त्याच्या बराच खाली, दोन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि जागेच्या जाणिवेत आहे, आणि तो साठीनंतरही बहुतेकांना ऐकू यावा. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या मोठ्या बहिणीला मी दोन्ही ऐकवले. त्यांनी ८०० एस काढून ठेवताना एवढेच विचारले, “यात माणसं लांब का बसलीत रे?” फरक त्यांना नेमका कळला होता, आणि तो त्यांना आवडला नव्हता.

उलट, एका कानाने कमी ऐकू येत असेल तर ८०० एसचा सर्वांत मोठा गुण हाती लागणार नाही. अशा वेळी आधी कानांची तपासणी करून घ्यावी. त्याच ओघात आवाजाच्या पातळीविषयीही सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. ८०० एसवर तपशील ऐकण्याच्या नादात माझे बटण पेन्सिलीच्या खुणेच्या पुढे सरकलेले मी अनेकदा पकडले आहे.

१५. किमतीच्या मानाने फरक किती? ६५० विकून ८०० एस घ्यावा का?

बाजारात आले तेव्हा अमेरिकेत ६५० ची छापील किंमत सुमारे ५०० डॉलर आणि ८०० एसची सुमारे १७०० डॉलर होती, म्हणजे तिपटीहून अधिक. ऐकण्यातला फरक तिप्पट नाही. मैफलींच्या मुद्रणांवर तो मोठा आहे, स्टुडिओतल्या गळ्यावर जवळपास नाही, आणि तबकड्यांवर उलट्या दिशेने आहे. जुना विकून नवा घेण्याचा सल्ला मी देणार नाही. वापरलेल्या ६५० ला मिळणारी रक्कम नव्याच्या किमतीपुढे थोडी असते, आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेली परतीची तुलना करण्याचा मार्ग त्याबरोबर बंद होतो. पैसे ताणून ८०० एस घ्यायचा आणि ॲम्प मिळेल तो वापरायचा, असेही करू नये. प्रश्न ९ मधला हिशेब आधी जुळवावा.

१६. जुना, वापरलेला एचडी ८०० किंवा ८०० एस मिळतो आहे. काय तपासावे?

मूळ ८०० आणि ८०० एस यांत आधी रंग पाहावा: पहिला चंदेरी, दुसरा काळा. मूळ ८०० मध्ये प्रश्न १२ मधली पोकळी नसते, त्यामुळे इक्वलायझर वापरणार असाल तरच तो घ्यावा. काही मालक ड्रायव्हरभोवती नमदा किंवा फोम चिकटवून ते शिखर घरच्या घरी कमी करतात. असे काही केले असल्यास ते विचारून घ्यावे आणि डिंकाचे डाग पाहावेत.

त्यानंतर एकल आवाजाचे, म्हणजे दोन्ही कानांना सारखेच जाणारे, एखादे भाषण लावावे. आवाज बरोबर मध्यावर उभा राहिला पाहिजे. हेडफोन उलटा घालूनही तो त्याच बाजूला सरकत असेल तर फरक तुमच्या कानात आहे, आणि बाजू बदलत असेल तर हेडफोनमध्ये. केबलचे दोन्ही जोड हलवून खरखर येते का पाहावे. शेवटी २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा सूर मध्यम पातळीवर वाजवावा. मध्येच कुठे थरथर किंवा बारीक गुणगुण ऐकू आली तर लगेच ड्रायव्हर खराब आहे असे समजू नये. बहुतेकदा डोक्यावरचा एखादा केस जाळीतून आत जाऊन ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याला टेकलेला असतो. पॅड काढून, हेडफोन पालथा धरून, मऊ कुंचल्याने जाळी हलकेच झटकावी आणि सूर पुन्हा वाजवावा. तरीही थरथर तशीच राहिली तर तो हेडफोन घेऊ नये.